वाढत्या अंगाचे शास्त्र

मुंबईच्या कापडधंद्याचा इतिहास साधारणपणे कावसजी दावर यांच्या 1854 सालच्या गिरणी कंपनीपासून सुरू करून 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपापाशी आणून सोडला जातो, आणि त्यात सूत किती निघाले व बोनस कोठे अडला याची दखल घेतली जात असली, तरी गिरणीतून घरी आलेल्या कापडाचे पुढे काय झाले याची चौकशी क्वचितच होते. लोअर परळपुरते बोलायचे तर हा विभाग पूर्णपणे आजीच्या अखत्यारीत होता.

डिलाइल रोडवरील, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावरील, बीडीडी चाळी 1920 च्या दशकात बांधल्या गेल्या व त्यांतील एका खोलीच्या वाट्याला सुमारे 160 चौरस फूट जागा आली. या जागेत मोरी, देव्हारा, रात्रपाळी करून दिवसा झोपलेला माणूस आणि गावाहून परीक्षेसाठी आलेला पुतण्या यांची सोय लावल्यावर जे काही उरे, त्यात शिलाईचे मशीन बसवले जाई. त्याच्या झाकणावर दिवसा अभ्यास, संध्याकाळी इस्त्री आणि पाहुणे आल्यास चहाचा ट्रे अशी तीन खाती चालत. प्रत्यक्ष शिवणकामाला वेळ मिळे तो सर्वांची जेवणे आटोपल्यावर, म्हणून त्या घरांतील मुलांची झोप मशीनच्या खडखडाटाने मोडण्याऐवजी तो थांबला की मोडत असे.

शिवणकामाचा कच्चा माल म्हणजे फेंट, अर्थात ताग्याच्या शेवटी उरलेला किंवा विणीत दोष राहिल्याने स्वस्तात विकला जाणारा तुकडा. फेंट मिळेल त्या रंगाचा घ्यावा लागे आणि तो संपेपर्यंत शिवावा लागे, त्यामुळे एकाच निळ्या फुलांच्या कापडातून थोरल्याचा सदरा, धाकटीचा परकर, तान्ह्याचे झबले, उशीचा अभ्रा आणि मोरीचा पडदा बाहेर पडून कुटुंबातील नाते व घरातील सामान यांतील सीमारेषा काहीशी पुसट होई. मात्र लालबागच्या गणपतीच्या गर्दीत मूल हरवले तर वर्णन करीत बसावे लागत नसे. शेजारच्या भावाकडे बोट दाखवून ‘ह्याच कापडातलं’ एवढे सांगणे पुरे होई.

कापणीचे मूलतत्त्व ‘वाढत्या अंगाचे’ हे होते. या तत्त्वानुसार माप आज उभ्या असलेल्या मुलाचे न घेता दोन वर्षांनी त्याच जागी उभ्या राहणाऱ्या मुलाचे घेतले जाई, आणि मधल्या काळात बाह्या कोपरापर्यंत दुमडून ठेवल्या जात. परकराच्या खालच्या कडेत कापडाचा साठा दडवलेला असे, तो दर जूनमध्ये शाळा उघडताना थोडा थोडा उसवून मोकळा केला जाई, व न विटलेल्या त्या गडद पट्ट्यांवरून, झाडाच्या खोडावरील वर्तुळांप्रमाणे, मुलीचे वय सांगता येई. कपडा अंगाला नेमका बसण्याचा काळ ढगळपणा व फाटणे यांच्यामध्ये जेमतेम एखाद्या सणापुरता येत असे. बदली कामगाराची, म्हणजे कायम माणूस गैरहजर असेल तरच काम मिळणाऱ्याची, उद्याची पाळी पक्की नसे. पण नातू उद्या अधिक उंच होणार याविषयी आजीची खात्री कोणत्याही व्यवस्थापनाला हलवता आली नाही. संपात पगार थांबला तरी मुलांची उंची संपावर गेली नाही. दुमडी उसवून झाल्या, मग त्यांना दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या जोडल्या गेल्या, आणि शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून मिळणारे पैसे डाळीच्या डब्यात पडू लागले.

गोधडी हे या व्यवहारातील अंतिम स्थानक. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून ते लहान धावत्या टाक्यांनी एकत्र शिवले की गोधडी होते. बंगालमधील कांथा याच कुळातली. तिचा खरा शत्रू उंदीर नसून बोहारीण, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी फिरती विक्रेती. सुना स्टीलच्या पातेल्याच्या बाजूने आणि आजी लुगड्याच्या बाजूने असा हा संघर्ष पिढ्यान्‌पिढ्या चालला, व त्यात आजीचा पक्ष प्रबळ ठरला, कारण लुगड्यांवर ती स्वतः झोपत असे.

परिणामी गोधडी हे कुटुंबाचे दफ्तर बनले. त्यातील कोणता तुकडा आत्याच्या लग्नातला आणि कोणता आजोबांच्या पायजम्याचा यावर आजीच्या पश्चात मतभेद आहेत, आणि त्यांत पायजम्याचा पक्ष कोणीच घेत नाही. पुनर्विकासात मिळणाऱ्या 500 चौरस फुटांच्या घरांतही गोधडीची समस्या सुटलेली नाही, कारण भिजल्यावर ती पिळायला दोन धडधाकट माणसे लागतात आणि यंत्रात घातल्यास यंत्रच जागा सोडून चालू लागते. म्हणून आजीच्या आठवणीने डोळे पुसणारे प्रत्येक भावंड ‘तुझ्याकडेच राहू दे’ असे उदारपणे म्हणत आले. कुटुंबात बाळ जन्मले, त्याला दुपटे आजीच्याच लुगड्याचे हवे असे ठरले, तेव्हा मात्र सर्वांना आपापला हक्क एकाएकी आठवला. ज्या घरी गोधडी सध्या आहे तेथून ‘वाळत घातली आहे’ असे उत्तर मिळते, आणि जुलै महिन्यात मुंबईत या उत्तराला आव्हान देता येत नाही.