आजीची आजी कोण?

ज्यू म्हणजे धर्म, वंश की जमात, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, उत्तर कशासाठी हवंय? हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी कागदावर सोडवला, त्यांतल्या बहुतेकांना कुणाला तरी उंबऱ्याबाहेर ठेवायचं होतं.

नाझींचंच घ्या. १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांचा सगळा डोलारा रक्ताच्या गप्पांवर उभा होता. पण रक्तातून ज्यू शोधायचा कसा? मग कायद्याने आजी-आजोबांचा धर्म पाहिला. चारांपैकी तिघं ज्यू धर्मसमाजाचे असले की नातवंड ज्यू, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला का असेना. वंशाच्या कायद्याला पुरावा लागला तो धर्माच्या नोंदवहीचा. ज्यूंना वंश म्हणणाऱ्यांचं पितळ तिथेच उघडं पडलं.

स्वतः ज्यूंच्या राज्यातही हा गुंता सुटला नाही. १९५०च्या कायद्याने इस्रायलने जगातल्या प्रत्येक ज्यूला येऊन राहण्याचा हक्क दिला. ज्यू कोण, हे मात्र त्यात लिहिलं नाही. ओस्वाल्ड रुफाइसेन हा पोलंडचा ज्यू. मीर गावातल्या घेट्टोतल्या कितीतरी जणांना त्याने पळून जायला मदत केली, पुढे कॉन्व्हेंटमध्ये लपला आणि कॅथलिक झाला. ब्रदर डॅनियल या नावाने इस्रायलमध्ये येऊन त्याने ज्यू म्हणून नागरिकत्व मागितलं. आई ज्यू, म्हणून धर्मशास्त्राप्रमाणे तो ज्यूच. तरी १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला नाही म्हटलं: स्वखुशीने दुसरा धर्म घेतलेल्याला सामान्य ज्यू माणूस आपला मानत नाही.

त्याच वर्षी, त्याच देशात, आपल्या कोकणातून तिथे गेलेल्या ज्यूंचा अगदी उलट न्याय झाला. बेने इस्रायल म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर. घरात मराठी, मुलग्यांची सुंता, नवसाला एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा. समुएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत सिनेगॉग बांधलं ते १७९६मध्ये. ही मंडळी शब्बाथ पाळत होती, कुणाचा धर्म घेतला नव्हता. पण १९६२मध्ये मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कार्यालयाने फर्मान काढलं: बेने इस्रायल मुलामुलींचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांची आई, आजी, आजीची आजी, जमेल तितक्या मागे जाऊन तपासा. पूर्वजांनी घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे घेतले होते का, बाहेरच्या बायका घरात आल्या होत्या का, अशी शंका.

रुफाइसेनची आई पक्की, तर त्याचा धर्म आडवा आला. रोहेकरांचा धर्म पक्का, तर त्यांची आजी आडवी आली.

हा अन्याय होता, आणि तो पोटात घालून आपली माणसं गप्प बसली नाहीत. १९६४च्या उन्हाळ्यात ती जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. रब्बींना फर्मानातून त्यांचं नाव काढावं लागलं.

आता आपल्याकडेही बघू. याच बेने इस्रायल समाजात कोकणात असताना गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. ज्यांची आई बाहेरची ते काळे, आणि त्यांच्याशी सोयरीक नाही. जातीच्या शेजाराला राहून उचललेली ही सवय म्हणायची तर म्हणा. सोसणाऱ्याला मात्र ती जेरुसलेमच्या फर्मानाइतकीच बोचली असणार.

माझ्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे. ज्यू हा वंश नाही. इथिओपियाचा ज्यू, पोलंडचा ज्यू आणि पेणचा ज्यू शेजारी उभे करा, डोळ्यांनाच पटेल. नुसता धर्मही नाही, कारण देव न मानणारे लाखो ज्यू स्वतःला ज्यूच म्हणवतात आणि त्यांना कुणी बाहेर काढत नाही. ते एक लोक आहेत. सामायिक आठवणींचे, सणांचे, सोसलेल्या दुःखाचे. त्यांच्यात जन्माने येता येतं आणि धर्म स्वीकारूनही येता येतं. १९७०मध्ये इस्रायलने कायदा दुरुस्त केला तेव्हा व्याख्या आईवर आणि धर्मांतरावर बेतली, पण देशात येण्याचा हक्क ज्यूच्या नातवंडांपर्यंत नेला. म्हणजे इस्रायलचा नागरिक म्हणून स्वागत झालेल्या नातवाला लग्नासाठी रब्बीच्या दारात आजही नकार मिळू शकतो.