घातांक आणि घातकी शत्रू

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्ल्यांनासुद्धा नंबर आहेत, तरी पोरांचं गणित कच्चं, ही पालकांची जुनी तक्रार. क्लास सुटला की चहाच्या गाड्यावर मात्र वेगळाच तास भरतो. विषय व्हिडिओ गेमचा : ‘सेकिरो’ अवघड की ‘एल्डन रिंग’? २०२२च्या ‘एल्डन रिंग’मधली शत्रू मलेनिया अशी वस्ताद, की तिचा वार तुम्हाला लागला की तब्येत तिची सुधारते!

एवढ्यात कुणीतरी वही पुढे सरकवतो. दोनचा (क्ष + ३) घात अधिक दोनचा क्ष घात बरोबर ७२. क्ष किती?

“भावा, आधी त्याची चाल बघ,” मलेनियातज्ज्ञ बोलतो. “दोनचा क्ष घात दोन्हीकडं हाय. त्येला बाहेर काढ. आत ऱ्हायलं आठ अधिक एक, नऊ. बहात्तरला नवानं भाग. आठ. म्हंजे दोनचा घन. क्ष तीन!”

“नाद खुळा!”

हाच तज्ज्ञ चाचणीत नापास. साहजिकच आहे. मलेनियापुढे शंभरदा मेलं, तरी ती पालकसभा बोलवत नाही. पुन्हा उभं राहू देते. वर्गात एकदा चुकलं, की ‘याचं डोकंच चालत नाही’ असा निकाल लागतो, आणि त्यावर अपील नाही.

पालकांचा उपाय ठरलेला : मोबाइल काढून घ्यायचा आणि आणखी एक क्लास लावायचा. पोरगं शिको न शिको, फी घातांकानं कशी वाढते, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.