अठराशे पन्नासचा बांगडा

एक बांगडा अठराशे पन्नास रुपयांना, असा भाव सध्या चालू आहे. बांगडा प्लास्टिकचा आहे.

हे वाचून जे दचकले ते मासे खाणारे. मासे पकडणारे दचकणार नाहीत. म्हणजे हौसेने पकडणारे. ओळखता तुम्ही त्यांना. अंगात उसळी मारणारा मासा छापलेला लांब बाह्यांचा शर्ट, डोळ्यांवर पाण्याखालचं दिसतं म्हणे असा काळा चष्मा, पाठीवर नळकांड्यात तीन रॉड. शुक्रवारी रात्री शहरातून निघतात ते शनिवारी पहाटे कोकणातल्या कुठल्यातरी धक्क्यावर उगवतात. तिथे गळाला कोळंबीचा तुकडा लावून एखादे काका वर्षानुवर्षं बसत आलेले असतात. काका मुकाट्याने बादलीसकट बाजूला सरकतात. जागा कोणाची, हे रॉडच्या लांबीवरून ठरलेलं असतं.

तर तो बांगडा. वस्तू पाहण्यासारखी आहे, त्यात वाद नाही. चार बोटं लांब. पाठीवर हिरवट-निळ्या रेघा, पोट चंदेरी, पराशेजारी खऱ्या बांगड्याला असतो तसा काळा ठिपका. बनवणारा तोसुद्धा विसरलेला नाही. डोळा इतका पाणीदार, की बाजारात असा डोळा दिसला तर आपण भाव न विचारता मासळी पिशवीत टाकू. तोंडाखाली एक पारदर्शक पट्टी. दोरी ओढली की ती पाणी कापते आणि बांगडा वळवळत खाली जातो. पोटात छर्रे, हलवला की खुळखुळतो. खऱ्या बांगड्याच्या पोटात काही खुळखुळत नाही, पण हे जिताड्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. पोटाखाली आणि शेपटीशी तीन-तीन तोंडांचे दोन गळ. डबीवर हा बांगडा किती फूट खोल जाईल त्याचा तक्ता, आणि खाली सूचना : लहान मुलांच्या हाती देऊ नये. मोठ्या मुलांविषयी काही लिहिलेलं नाही.

आता हिशेब करू. खरा बांगडा अडीचशे रुपये किलोने मिळाला तर किलोत सहा-सात बसतात. म्हणजे एका खोट्या बांगड्याच्या किमतीत पन्नासाच्या आसपास खरे. तिरफळं ठेचून तिखलं केलं तर अख्खी वाडी जेवेल. पण खोट्याचेही फायदे आहेत. तो साफ करावा लागत नाही. मांजर मागे लागत नाही. संकष्टीला चालतो, श्रावणात चालतो, आणि ज्या सोसायट्यांत घर भाड्याने देण्याआधी हळूच ‘तुम्ही मासे वगैरे...?’ असं विचारतात, तिथे दिवाणखान्यात टांगून ठेवला तरी कोणाची हरकत नाही. अडचण एवढीच, की एकच बांगडा घेऊन थांबलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. नितळ पाण्याला वेगळा लागतो, गढूळ पाण्याला वेगळा. सकाळचा निराळा, सांजेचा निराळा. एक तरंगणारा, एक बुडणारा, एक न तरंगणारा न बुडणारा. हा तिसरा सर्वांत महाग, कारण अनिर्णयाला या देशात नेहमीच चांगला भाव मिळत आला आहे. पुढे तारली येते. गढूळ पाण्यासाठी ती भडक नारिंगी रंगात घ्यायची असते. आजवर अरबी समुद्रात नारिंगी तारली कोणी पाहिलेली नाही, म्हणूनच ती दोनशे रुपयांनी जास्त. मग हे सगळं ठेवायला कप्प्याकप्प्यांची पेटी, पेटी ठेवायला बॅग, आणि बॅग घरात आणायला रात्री अकरानंतरची वेळ. या छंदात अंगी येणारं पहिलं कौशल्य म्हणजे किमतीचं लेबल नखाने खरवडून काढणं. गाठी मारायला माणूस नंतर शिकतो. तरी बायको विचारतेच, “हे केवढ्याचं?” त्यावर देशभरात एकच उत्तर ठरलेलं आहे : “ऑफर होती गं.”

आणि हा बांगडा जातो कुठे? तिसऱ्या-चौथ्या फेकीला खडकात. कोकणच्या खडकांना कालवं लागावीत तसे आता बांगडे लागले आहेत. ओहोटीला गावातली पोरं ते वेचतात आणि पुढच्या शनिवारी त्याच साहेबांना निम्म्या भावात विकतात. शाश्वत मत्स्यव्यवसाय म्हणतात तो हाच असावा. त्यात कच्चा माल कधी संपत नाही.

रॉड आणि रीलच्या किमती मी इथे देत नाही. काही वाचकांच्या घरी हे सदर मोठ्याने वाचलं जातं.

भरती कधी, हे सांगणारं एक ॲप असतं. त्याची वर्षाची वर्गणी असते. ते काका, बादलीवाले, तिथीची पाऊणपट करतात : अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मासाही काही घड्याळ बांधून येत नाही. ॲपमध्ये चंद्राची कला, वाऱ्याची दिशा, हवेचा दाब आणि या सगळ्यांवरून काढलेले ‘मासा लागण्याची शक्यता’ याचे गुण दिसतात. पाचपैकी चार गुणांच्या दिवशी साहेब रिकामे परत येतात, तेव्हा ॲपला दोष देत नाहीत. पाणी थंड होतं म्हणतात.

यथावकाश साहेबांच्या ध्यानात येतं, की मोठा मासा धक्क्यावर नसतो. मोठा मासा नेहमी पलीकडे असतो, आणि पलीकडे जायला बोट लागते. आधी ती दिवसभाड्याने घेतात. चार-सहा शनिवार गेले की घराचा युक्तिवाद सुरू होतो : भाडं भरत बसण्यापेक्षा हप्ता काय वाईट? मग सतरा-अठरा फुटी फायबरची बोट येते. तिला आउटबोर्ड इंजिन. दुकानदार म्हणाला म्हणून त्याच्या वरचं इंजिन. बोट ओढून न्यायला ट्रेलर आणि ट्रेलर ओढू शकेल अशी गाडी. पावसाळ्यात बोट ठेवायला कोणाच्या तरी अंगणात माडाखाली जागा, आणि नारळ पडून बोटीला भोक पडलं की दुरुस्ती. शिवाय तळाचे मासे दाखवणारा पडदा. पडद्यावर मासे लहान-लहान कमानींसारखे उमटतात. साहेब तासन्‌तास त्या कमानी पाहत बसतात. मासे लागत नाहीत, पण दिसतात. पूर्वी न दिसता लागत नव्हते. लाखभर रुपयांत एवढी प्रगती वाईट नाही.

बोटीच्या खरेदीत तत्त्वज्ञानाचा एक प्रश्न लपलेला आहे आणि तो सोडवायचं काम कररचनेने केलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रॉड आणि त्याच्या जोडसामानावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. त्याच दिवशी विहाराच्या आणि खेळाच्या बोटींवरचा २८ वरून ४० वर गेला. मासेमारीच्या नौकेला ५ टक्के. म्हणजे गळाला ५, मासेमारीच्या नौकेला ५, आणि तोच गळ घेऊन मजा करायला बसलात तर बसायच्या जागेला ४०. दहा लाखांच्या बोटीवर पन्नास हजार भरायचे की चार लाख, हे तुम्हाला मजा येते की नाही यावर ठरणार. साडेतीन लाखांसाठी माणूस कितीही वेळ दुःखी चेहरा करू शकतो. हौशी मंडळींना माझी सूचना आहे, की बोटीत गाणी लावू नयेत, बर्फाच्या पेटीत बर्फच ठेवावा, मासा लागल्यास टाळ्या वाजवू नयेत. कपाळाला आठ्या असाव्यात. बँकेची नोटीस जवळ असेल तर उत्तम. स्वतःची नसेल तर खऱ्या मच्छीमाराकडून उसनी घ्यावी. त्याच्याकडे दोन-तीन असतात.

असतात, कारण त्याला खरोखर मजा येत नाही. लाकडी नौका बांधायची तर सागाला हात लावता येत नाही. फायबरची करावी तर तिची राळ पेट्रोलियमपासून निघते, जाळ्याचं नायलॉन पेट्रोलियमपासून निघतं, आणि इंजिन तर ते पिऊनच चालतं. मोठ्या नौकेच्या एका फेरीला डिझेलचेच लाखाच्या वर जातात. वर बर्फ, वर शिधा, वर नेपाळहून आलेल्या खलाशांची आगाऊ उचल. डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो. मिळतो हे खरं, कधी ते विचारू नये. २०१९ ला क्यार आलं, २०२० ला निसर्ग, २०२१ ला तौक्ते. प्रत्येक वेळी हंगामाचा लचका गेला, हप्त्याची तारीख मात्र जागची हलली नाही. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला २०१७ पासून बंदी आहे, आणि रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की ते दिवे फार सुंदर दिसतात. म्हणून मग ज्याच्याकडे लहान होडी आहे, तो शनिवार-रविवार साहेबांना फिरवतो. चार साहेब दिवसाचे जे देतात त्यात पेट्रोल सुटून हातात काही उरतं, आणि मासा लागला नाही तरी भाडं बुडत नाही. मासे न मिळाल्याबद्दल त्याने आयुष्यभर पैसे भरले. आता त्याच कामाचे त्याला पैसे मिळतात.

त्याबद्दल तक्रार नाही. त्याचं घर चालत असेल तर साहेबांनी रोज यावं, नारिंगी तारल्या घेऊन यावं. माझा राग दोन गोष्टींवर आहे. पहिली पावसाळ्यातली. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण मासळीच्या विणीचा काळ. नौका किनाऱ्यावर झापांखाली झाकलेल्या, घरात सुक्या बोंबलांवर दिवस. आणि नेमक्या त्याच दिवसांत साहेब खाडीच्या तोंडाशी उभे, कारण जिताडा तिथे अंडी घालायला येतो. जिताडा लहानपणी नर असतो आणि थोर झाला की मादी होतो. तेव्हा छाती फुगवून ज्याच्यासोबत फोटो काढायचा तो दांडगा जिताडा म्हणजे बहुधा अंड्यावरची बाई. पण साहेब तिला मारत नाहीत हो! सोडून देतात. आधी काटा काढायचा, मग मोजपट्टी, मग वजन, मग चष्म्यासकट फोटो, चष्म्याविना फोटो, मित्राच्या फोनवर पुन्हा एक, आणि मग दया. तुम्हाला बाळंतपणाच्या वाटेवर कोणी तोंडात तिहेरी आकडा घालून पाण्यात बुडवलं, पाच मिनिटं फोटो काढले आणि वर ‘जा, सोडलं तुला’ म्हणून खांद्यावर थोपटलं, तर तुम्ही त्याला प्राणिमित्र म्हणाल का?

दुसरी गोष्ट लहान आहे, पण माझ्या डोक्यातून जात नाही. हाच माणूस रविवारी संध्याकाळी परत निघतो. घरी मासे घेऊन गेलं पाहिजे, नाहीतर दोन दिवस कुठे होतास हा प्रश्न येणार. म्हणून मालवणच्या बाजारात गाडी थांबवतो. टोपलीपुढे उभा राहतो. बाई बांगड्यांचा वाटा लावते आणि तीनशे सांगते. साहेब म्हणतात, “मावशी, दोनशेला द्या. तीनशे काय म्हणता, सोन्याचे आहेत का?” मावशी पहाटेपासून उठलेली. लिलावात तिने रोख मोजलेले, बर्फाचे वेगळे, टेम्पोचे वेगळे. दुपार कलली की बर्फ वितळतो आणि भावही. साहेब मान हलवतात, चार पावलं पुढे जातात, परत येतात, हे सगळं रीतसर. अडीचशेला सौदा पटतो. पन्नास रुपये वाचले! पाकीट काढायला बॅग उघडतात तेव्हा कप्प्यांची पेटी सरकते आणि झाकणातून ते पाणीदार डोळे बाहेर बघतात. मावशी एक उचलून उजेडात धरते, हलवते, खुळखुळ ऐकते. “ह्यो बांगडो खातत कसो?” साहेब हसतात. किंमत सांगत नाहीत. ऑफर होती, एवढंही सांगत नाहीत. अठराशे पन्नासच्या दुकानात या माणसाने तोंडातून शब्द काढला नव्हता. कार्ड पुढे केलं, आणि वर ‘थँक्यू’ म्हणाला. पन्नास रुपयांचा पुरुषार्थ त्याने राखून ठेवला होता तो या बाईसाठी.

घासाघीस ही आपली थोर परंपरा आहे वगैरे मला शिकवू नका. मॉलमध्ये कुठे जाते ती परंपरा? इंजिनाच्या दुकानात, बोटीच्या हप्त्याच्या टेबलावर, ॲपच्या वर्गणीपुढे, या सगळ्या ठिकाणी ती गाडीतच बसून राहते आणि टोपली दिसली की उतरते. मासे महाग झाले म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडणारे तेच, ज्यांनी गेल्या हंगामात हाती लागलेल्या दोन शेंगाळ्यांना किलोमागे किती खर्च आला हा भागाकार कधी मांडलेला नाही. मांडू नयेच. डॉक्टरांनी रक्तदाब सांभाळायला सांगितलेला असतो.

छंद खुशाल करा, बोट घ्या, चाळीस टक्के भरून दिलखुलास मजा करा. तुटलेली दोरी मात्र खडकात सोडू नका, ती पक्ष्यांच्या पायात अडकते. आणि मासे खायचेच असतील, तर हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव होतो. पिशवी आणि सुटे पैसे घेऊन जा, आणि बाई सांगेल तो भाव द्या.