सगळं ठरलंय, फक्त लिहायचं राहिलंय

वाटणीचा विषय निघाला की नाना चष्मा पुसत म्हणतात, “सगळं ठरलंय, फक्त लिहायचं राहिलंय.” नाना ठाण्यात असतात, सांगलीत असतात, सदाशिव पेठेत तर दर जिन्याला एक तरी असतातच. बँकेतून किंवा वीज मंडळातून निवृत्त, पंचाहत्तरी ओलांडलेली, आणि कागदाच्या बाबतीत कमालीचे काटेकोर. विकून टाकलेल्या स्कूटरचा विमा, भंगारात गेलेल्या फ्रीजचं हमीपत्र, लेकीच्या बालवाडीच्या फीची पावती, सगळं फायलीत तारीखवार लावलेलं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला शटर वर जायच्या आधी बँकेच्या पायरीवर हजर. आपण आहोत हे ते दरवर्षी लेखी देतात. पुढेमागे आपण नसू, तेवढं मात्र लेखी द्यायला तयार नाहीत.

लोक म्हणतात, मरणाला भितात. असं म्हणणाऱ्यांना नाना कळलेलेच नाहीत. आपल्या मागे दिवस कोणी घालायचे, जेवणावळीला किती पानं मांडायची, पेपरात फोटो कोणता द्यायचा, हे ते पोहे खाता खाता सांगतात. देहदानाचा फॉर्म कधीच भरून दिलाय. देह द्यायला एक सही पुरली, दोन खोल्या द्यायला मात्र हात उचलत नाही. बरं, कायदा किचकट आहे म्हणावं तर तेही नाही. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढ्यावर काम भागतं. नानांचा मसुदा तयारही आहे, एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर, बारीक अक्षरात, तीन रंगांच्या खाडाखोडीसह. अडलंय ते साक्षीदारांपाशी. तळमजल्यावरचे नानांपेक्षा मोठे, तेच आधी जायचे. समोरचे बोलघेवडे. सोसायटीच्या सेक्रेटरीशी पार्किंगवरून अबोला. डॉक्टर चालले असते, पण ते कन्सल्टिंग लावतील. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते, असं वकिलाने सांगितलं तर नानांचा चेहरा आणखीच पडतो. वाचायचं नाही म्हणजे मग नानांचा न्यायीपणा कळणार कोणाला?

माझ्या मते या न लिहिण्यातच नानांचा कारभार आहे. निवृत्तीच्या दिवशी केबिन गेली, शिक्का गेला, नारळ आणि शाल हातात आली. सूनबाईंनी स्वयंपाकघराबरोबर टीव्हीचा रिमोटही घेतला. प्रलंबित ठेवता येईल अशी एकच फाईल आता त्यांच्या टेबलावर उरली आहे, आणि प्रलंबित फाईलला किती मान असतो हे चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको. रविवारी मुलाचा फोन चुकला की सोमवारी नाना सहज बोलतात, गावची जमीन एखाद्या संस्थेला द्यावी म्हणतोय. मंगळवारी फोन येतो. युक्ती शंभर नंबरी आहे, फक्त तिची किंमत नानांनी फायलीत कुठे लावलेली नाही. मुलाने आपणहून, निव्वळ आठवण आली म्हणून फोन केला, तरी तो जमिनीसाठीच आला असं आता नानांना वाटणार.

शिवाय ही सत्ता त्यांना वाटते तेवढी त्यांच्या हातात नाही. नानांनी लिहिलं नाही तरी लिहिलेलं आहे, 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात. स्वतः कमावलेल्या मालमत्तेत बायको, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा. “तिचं लग्नात दिलंय” हे वाक्य त्या कायद्यात कुठेही नाही. पण नानांच्या पोटात गोळा यावा अशी गोष्ट पुढेच आहे. पहिल्या वर्गाच्या वारसांत आई येते, वडील नाहीत. गावी नानांची सत्त्याण्णव वर्षांची आई असेल तर ठाण्याच्या फ्लॅटचा चौथा हिस्सा तिचा. ती गेल्यावर, तिनेही काही लिहिलं नसेल तर, तो तिच्या सगळ्या मुलांकडे जाणार. म्हणजे बांधावरच्या आंब्यावरून ज्या धाकट्या भावाचं तोंड नानांनी इतकी वर्षं पाहिलेलं नाही, तो उद्या त्यांच्याच दिवाणखान्याचा सहमालक. एवढं ऐकल्यावरही नाना डगमगत नाहीत. ते म्हणतात, “नॉमिनी लावलाय ना!” नॉमिनी म्हणजे वारस हा समज या वर्गात देवघराइतका पक्का आहे. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 ला पुन्हा स्पष्ट केलं, की नॉमिनी त्या मालमत्तेचा मालक होत नाही. ती खऱ्या वारसांसाठी सांभाळतो, एवढंच. मग नानांचा शेवटचा हुकमी एक्का निघतो: “धीरूभाईंनी तरी कुठे केलं होतं?” खरं आहे. धीरूभाई अंबानी 2002 साली इच्छापत्र न करता गेले, आणि 2005 साली आईच्या मध्यस्थीने भावांची वाटणी झाली. पण तिथे एकाला तेल आणि दुसऱ्याला टेलिफोन देता आला. नानींनी एका स्वयंपाकघराचं काय करायचं?

यातला एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. नानांच्या पिढीने 1970 साली रंगमंचावर आलेला शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ पाहिला आहे, आणि मराठी घरांत वारसाहक्काच्या कायद्यापेक्षा त्या नाटकाचा वचक जास्त आहे. अप्पासाहेब बेलवलकरांनी हयातीतच सगळं मुलांच्या हवाली केलं आणि पुढे काय झालं, हे नाना अजूनही भरल्या गळ्याने सांगतात. ती भीती खोटी नाही. म्हाताऱ्या आईबापांनी दिलेलं त्यांना परत मिळवता यावं म्हणून 2007 साली कायद्यात सोय करावी लागली: सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीस, अट मोडली तर रद्द होऊ शकतं. पण नानांनी नाटक पाहिलं ते अर्धवट. बेलवलकरांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्यांनी जिवंतपणी देऊन टाकलं. मृत्युपत्र माणूस गेल्याशिवाय अमलात येत नाही, आणि तोवर ते हवं तितक्या वेळा फिरवता येतं. वाईट वागलेल्या मुलाचं नाव दर दिवाळीला खोडायची मुभा ज्यात आहे, त्या कागदाला बेलवलकरांचं नाव सांगून नकार देणं म्हणजे त्या बिचाऱ्याची आणखी एकदा फसवणूक करण्यासारखं आहे. राहता राहिला तो बिनतोड समजला जाणारा मुद्दा, की लिहिलं तरी भांडायची ती भांडतातच. भांडतात. पण तेव्हा निदान कशावरून भांडायचं ते ठरलेलं असतं. आत्ता आधी कपाटाची किल्ली कुठे आहे यावरून सुरुवात करावी लागते. मार्च 2024 अखेर दावा न केलेल्या ठेवींचे 78,213 कोटी रुपये रिझर्व्ह बँकेच्या निधीत पडून होते. ते सगळे नानांचे नसतील, पण ठेव कुठे आहे हे कोणालाच न सांगणाऱ्यांचा त्यात वाटा नसेल असं कोण म्हणेल?

दरम्यान 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी लावायची सोय झाली. हयातीचा दाखला द्यायला गेलेल्या नानांना ती काउंटरवरच कळली, आणि कित्येक वर्षांत प्रथमच त्यांनी फॉर्म मागून घेतला. टक्के लिहायचे होते, बेरीज शंभर यायला हवी होती. मुलगा, मुलगी, नात, नातू. पंचवीस-पंचवीस सरळ बसत होते. पण नातवाने यंदा मुंजीतल्या पाकिटांचे आभार मानले नव्हते, म्हणून त्याचे चोवीस झाले आणि उरलेला एक टक्का कोणाला द्यावा यावर गाडी अडली. लॉकरचा फॉर्म तर त्याहून अवघड निघाला. तिथे टक्के नाहीत, एकामागून एक क्रम लावायचा असतो, म्हणजे पहिला नंबर कोणाचा ते उघड लिहायचं. नानांनी दोन्ही फॉर्मच्या चार-चार प्रती मागितल्या, रबरबँड लावला आणि फाईलवर पेन्सिलने लिहिलं: विचाराधीन.