ओढून बघणारे अण्णा

सिद्धेश्वर एक्स्प्रेस अण्णांनी धावपळ न करता गाठल्याचा एकच प्रसंग मला ठाऊक आहे. त्या रात्री गाडीच उशिरा सुटली होती. एरवी त्यांची रिक्षा अशोक चौकापर्यंत जाते आणि माघारी वळते. अण्णा उतरतात, घराचं कुलूप मुठीत धरून तीनदा ओढतात, "ओकटी, रेंडु, मूडु" असं तेलुगूत मोजतात आणि मग मुंबईला जायला मोकळे होतात. निघतानाही त्यांनी ते असंच मोजून ओढलेलं असतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या पद्मशाली घरांत आकडे तेलुगूत येतात आणि भाव मराठीत होतो. कुलूप हा अण्णांच्या लेखी आकड्यांचा विषय.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे माग आहेत. मी त्यांची जीएसटीची रिटर्नं भरतो, म्हणजे महिन्यातून दोनदा तरी आमची गाठ पडते. भुईकोट किल्ल्याला दुहेरी तट आहे. अण्णांच्या कपाटाला तिहेरी: कपाटाचं कुलूप, त्याच्या किल्लीच्या डब्याला कुलूप, आणि तो डबा कुठे आहे हे अण्णा स्वतःच विसरलेले.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या ओळखीतल्या एका निर्यातदाराच्या ईमेलमध्ये कोणीतरी शिरलं. तिथून परदेशी गिऱ्हाइकाला पत्र गेलं, 'आमचं बँक खातं बदललं आहे, पैसे या खात्यात पाठवा.' गिऱ्हाइकाने इमानदारीने पाठवले. माल गेला, पैसेही गेले. हा फसवणुकीचा प्रकार जगभर चालतो, पण अण्णांच्या दृष्टीने जग म्हणजे साखर पेठ ते होटगी रोड, आणि चोर आता त्या हद्दीत आला होता. ते दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वर्षाला ३६ डॉलर मोजून एक पासवर्ड मॅनेजर घेतला.

घेतला आणि मिरवला. बारशाला, मुंजीला, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत, जिथे भेटतील तिथे सांगायचे, "एकच परवलीचा शब्द लक्षात ठेवायचा. बाकी सगळे तो सांभाळतो. आणि तो एक विसरलात ना, तर कंपनीलासुद्धा उघडता येत नाही!" हे शेवटचं वाक्य ते असं म्हणायचे, जणू कंपनीला उघडता येत नाही ही त्यांच्याच मागावरची विणकाम-खुबी आहे. एकदा मी म्हणालो, बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली तर बँक निदान उघडून तरी देते. अण्णा म्हणाले, "उघडून देणारा आहे म्हणजे उघडणारा आहे की ओ."

मी गप्प बसलो. गप्प बसण्याचं खरं कारण वेगळं होतं. माझ्या टेबलाच्या खणात एक लांब वही आहे. तिच्यात माझ्या सगळ्या अशिलांचे जीएसटीचे आणि इन्कम टॅक्सचे पासवर्ड निळ्या शाईने लिहिलेले आहेत. बदललेले लाल शाईने. सोलापुरात कराचं काम करणाऱ्या कुठल्याही माणसाचा खण उघडा, वही निघेल. खणाला कुलूप नाही.

अण्णांचं मन पालटायला सुरुवात रिझर्व्ह बँकेने केली, बँकेच्या ध्यानीमनी नसताना. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दर महिन्याला किंवा दर वर्षाला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक झाले. कापायच्या २४ तास आधी गिऱ्हाइकाला निरोप गेलाच पाहिजे असं ठरलं. त्याआधी पैसे गुपचूप जायचे आणि अण्णा सुखी होते. आता दर वर्षी ढोल वाजवून जाऊ लागले. निरोप आला की अण्णा डॉलरचे रुपये करत, रुपयांचे टॉवेल करत आणि हताश होत. "तीस टॉवेल कापूलालेत ओ वर्षाला! घाऊक भावानं!"

त्यात डिसेंबर २०२२ मध्ये लास्टपासची बातमी आली. चोरांनी गिऱ्हाइकांच्या तिजोऱ्यांच्या नकलाच उचलून नेल्या होत्या. आतले पासवर्ड सांकेतिक रूपात होते, पण तिजोरी चोराच्या घरी आणि हातोडीला वेळच वेळ. अण्णांची कंपनी ती नव्हती. तरी शेजारच्या गाळ्यात चोरी झाली की आपण आपलं शटर बघतोच. अण्णा आठवडाभर ॲप उघडायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे. ओकटी, रेंडु, मूडु.

तोडगा काढला सूनबाईंनी. त्या पुण्यात हिंजवडीला नोकरीला. दिवाळीत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मामा, हाच उद्योग तुमच्या फोनमध्ये फुकट आहे. गूगलचा आहे, क्रोममध्येही चालतो. ॲपलवाल्यांनी तर २०२४ मध्ये त्याचं वेगळं ॲपच करून फोनमध्ये घालून दिलंय. सगळे तेच वापरतात."

फुकट हा शब्द ऐकून अण्णा सावध झाले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. खुर्चीत बसण्याआधीच विचारलं, "फुकट देतो, मग त्याचं पोट कशावर चालतं?"

व्यापाऱ्याने विचारावा असाच प्रश्न होता. मी माझ्या मगदुराप्रमाणे समजावलं. कुलूप फुकट असतं, कारण या कंपन्यांना तुम्ही त्यांच्या घरात राहायला हवे असता. सगळे पासवर्ड त्यांच्याकडे ठेवलेत की दुसऱ्या कंपनीचा फोन घेताना, दुसरा ब्राउझर वापरताना पाय अडखळतो. निघता येतं, पण निघावंसं वाटत नाही.

अण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे उचल!"

मागावरच्या कामगाराला मालक आगाऊ रक्कम देतो, ती उचल. ती फिटेपर्यंत कामगार दुसऱ्या कारखान्यात जात नाही, आणि ती सहसा फिटत नाही. तंत्रज्ञानाच्या या व्यवहाराचं इतकं नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. अण्णांना त्यात गैरही काही दिसलं नाही. उलट गूगल आपल्याच धंद्यातला माणूस निघाला म्हणून विश्वास बसला. "चालतंय. हे कळतंय मला. करूया."

ते त्यांनी महिन्याच्या दहा तारखेला केलं. इथेच घोटाळा झाला.

एका मॅनेजरमधून दुसऱ्यात जायचं म्हणजे सहसा जुन्यातून एक फाइल काढायची आणि नव्यात घालायची. या फाइलीत काहीही सांकेतिक नसतं. साधा तक्ता: नाव, संकेतस्थळ, यूजरनेम, पासवर्ड. एक्सेलमध्ये उघडते. काम झालं की ती ताबडतोब पुसायची असते. सूनबाईंनी फोनवर हे तीनदा बजावलं होतं. अण्णांनी फाइल काढली, क्रोममध्ये घातली, आणि क्रोममध्ये सगळं नीट आलं का हे ओढून बघण्यात इतके गुंतले की फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तशीच राहिली. तिच्या नावात ठळक इंग्रजी शब्द होता: एक्सपोर्ट.

अकरा तारीख ही जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख. अण्णांचे दिवाणजी दर महिन्याला दहाच्या रात्री मला दोन फाइली पाठवतात, देशातली विक्री आणि निर्यात. दिवाणजींनी त्या रात्री 'एक्सपोर्ट' नावाची सर्वांत ताजी फाइल उचलली आणि पाठवून दिली. चूक त्यांची म्हणवत नाही. टॉवेलच्या कारखान्यात एक्सपोर्टचा दुसरा अर्थ काय असतो?

रात्री साडेअकराला मी ती उघडली. एकूण १४३ ओळी. पहिल्यांदा आनंद झाला, निर्यात वाढली म्हणून. मग माल नेटफ्लिक्सला गेलेला दिसला. पुढे महावितरणला. त्यापुढे रेल्वेला, एका भविष्य सांगणाऱ्या संकेतस्थळाला आणि वधूवर सूचक मंडळाला. शिपिंग बिलाच्या क्रमांकाच्या जागी प्रत्येक ओळीत काहीतरी लिहिलेलं होतं, आणि ते ओळीमागून ओळ एकच होतं.

अण्णांनी तो आता बदललेला आहे म्हणून सांगतो: सिद्धेश्वर, ॲटची खूण, अडुसष्ट. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांचा अडुसष्ट. १४३ पैकी ११८ खात्यांना हाच पासवर्ड. पहिलं अक्षर मोठं, एक खूण, शेवटी आकडे. सरकारी संकेतस्थळ मागतं ते सगळं त्यात होतं. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह हा दंडक २००३ साली बिल बर या अमेरिकी सरकारी माणसाने लिहून ठेवला आणि २०१७ साली आपलं चुकलं असं कबूल केलं. कारण उघड आहे: नियम सगळ्यांना सारखा, तर माणसंही तो सारख्याच तऱ्हेने पाळतात. माझ्या निळ्या शाईच्या वहीत सिद्धेश्वर अडुसष्ट आणखी नऊ जणांचा आहे.

म्हणजे चार वर्षं अण्णांनी डॉलर मोजून जी तिजोरी भाड्याने घेतली होती, तिच्यात एकाच किल्लीच्या ११८ नकला ठेवल्या होत्या.

सकाळी मी फोन केला. "अण्णा, तो मॅनेजर नवे पासवर्ड बनवूनही देत होता ना? आणि एकच वापरू नका म्हणून लाल अक्षरात सांगत नव्हता?"

"सांगत होता की रोज. मला वाटलं, वरचा प्लॅन घ्या म्हणूलालाय."

मग पुढचे दहा दिवस. माझ्या ईमेलमधून, दिवाणजींच्या ईमेलमधून, कचऱ्याच्या टोपलीतून ती फाइल पुसली, आणि एकेक खातं उघडून पासवर्ड बदलायला बसलो. क्रोम स्वतःच लांबलचक पासवर्ड सुचवतो. अण्णा तो मोठ्याने वाचायचा प्रयत्न करत आणि धापा टाकत. "हा काय शब्द आहे ओ? धोटा तुटल्यावर माग असा ओरडतो." पण घेतले सगळे. भविष्याचं संकेतस्थळ मात्र त्यांनी बंद केलं. जे झालं ते त्याने सांगितलं नव्हतं.

एक प्रश्न उरला. फोनमधल्या मॅनेजरचा दरवाजा म्हणजे फोनचंच कुलूप. अण्णांच्या तरुणपणी हातमागावर झिजलेला अंगठा फोन ओळखत नाही, त्यामुळे सहा आकड्यांचा पिन. तो होता अडुसष्ट, तीन वेळा. सात वर्षांच्या नातवाला तो तोंडपाठ होता. तो रोज त्यावर गेम खेळायचा. नवा पिन अण्णांनी कोणालाही सांगितला नाही. मला दोनदा सांगायला आले आणि दोन्ही वेळा दारातून परत गेले.

पण फोनला ओढायला कडी नाही, ही खंत होती. बाजूचं बटण दाबलं की पडदा काळा होतो, एवढंच. अण्णांनी मार्ग काढला: बटणच मोजून दाबायचं. तीनदा दाबून मन भरेना. गेल्या महिन्यात सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या रात्री स्टेशनवर त्यांनी भराभर पाच केले: ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. फोनने मोठा भोंगा वाजवला. अण्णांना वाटलं, कुलूप बसलं. समाधानाने फोन खिशात टाकला.

पाचदा दाबलं की बऱ्याच अँड्रॉइड फोनांवरून ११२ ला मदतीचा फोन लागतो. खिशातून बाईंचा आवाज आला, "काय अडचण आहे आपल्याला?"

"काही नाही ताई," अण्णा म्हणाले, "कुलूप ओढून बघूलालो."

आता तीनदाच दाबतात.