ऊन वाळत घातलंय

आमच्या महागावकडे शहाणपण सावलीवरून मोजतात. धुऱ्यावरचा कडुनिंब ज्यानं राखला तो शहाणा; ज्यानं तोडून विकला, त्याच्या शेतात मे महिन्यात उधारी मागायलासुद्धा कोणी फिरकत नाही. पारा पंचेचाळिशीला टेकला की डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. अशा मुलखात जन्म काढल्यावर कोणी मुद्दाम ऊन शोधत आलं, तर त्याच्याकडे आधी काळजीनंच पाहावं लागतं.

भाचा आला तो डिसेंबरात, आणि घर घेऊनच आला. जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यानं सीटा काढल्या, आत पलंग, ओटा आणि माठाएवढा फ्रिज बसवला. टपावर १००-१०० वॅटच्या दोन सोलर प्लेटा. (तो पॅनल म्हणतो. गाव प्लेट म्हणतं, आणि गावाशी वाद घालू नये.) नागपूर–तुळजापूर महामार्गानं देवीला निघालेला, वाटेत दोन दिवस मामाच्या शेतात मुक्काम.

“मामा, बघा, वीज आपली, बिल शून्य.”

“बापा,” मी म्हटलं, “आमच्याकडे निदान बिल तरी न चुकता येतं.”

गाडी त्यानं लावली कुठं? कडुनिंबाखाली. आई विदर्भातली ना त्याची, रक्त बोलणारच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रिज गप्प आणि आतलं दूध नासलेलं. मामीनं न बोलता त्याचं पनीर केलं.

मग कारणमीमांसा सुरू झाली. प्लेटेतल्या चकत्या एकीमागे एक जोडलेल्या असतात. एकीवर फांदीची सावली पडली तरी बाकीच्यांचा जोर अडतो. जोडीतला एक बैल बसला की दुसरा कितीही ताकदीचा असो, औत हलत नाही, तसंच. शिवाय टपावरची प्लेट आडवी निजलेली. डिसेंबरात आमच्याकडे भर दुपारीही सूर्य जेमतेम ४७ अंश वर चढतो, म्हणजे निजलेल्या प्लेटेला रुपयातले बारा आणेच मिळतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो अगदी डोक्यावर येतो, तेव्हा निजली तरी चालतं. पण तेव्हा प्लेटही महागावकरांसारखीच कोमेजते: तिचं अंग २५ अंशांपेक्षा जास्त तापलं की प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. आमच्या उन्हात ६५ अंशांना पोचली की १६ टक्के गेलेच. सूर्य लागतो आणि ताप सोसत नाही. मला तर तिच्याबद्दल आपुलकीच वाटली.

धुऱ्यापलीकडे उसतोडीच्या टोळीच्या कोप्या होत्या. ऊस गुंजच्या कारखान्याला जायचा. बीडकडची माणसं, पहाटे चारला कोयते घेऊन फडात उतरतात. मागं नातवंडं सांभाळायला एक आजी. तिच्या कोपीसमोर बाजेच्या पायाला विटेनं टेकवलेली ४० वॅटची एक प्लेट. दिवसभर तिच्यावर एक बॅटरी भरायची, त्यावर पहाटे भाकरीपुरता दिवा लागायचा आणि दोन मोबाइल जगायचे. सकाळी प्लेट उगवतीकडे, दुपारी दक्षिणेकडे, कलत्या उन्हाला मावळतीकडे. पापड परतावेत तशी आजी ती फिरवायची. सूर्यामागं तोंड फिरवणारी यंत्रं बाजारात मिळतात म्हणे. त्यांना अशी हाक मारायची सोय नसते: “ए पोरा, पलेटीवरून कोंबडी हाकल!”

भाच्याची गाडी बघून तिनं मान हलवली. “सर, गाय गोठ्यात उपाशी बांधायची आन् दूध मागायचं, कसं जमंल?”

भाचा उठला. त्याच्या डिकीत घडीची, पेटीसारखी उघडणारी १०० वॅटची तिसरी प्लेट होती. घेतल्यापासून तिचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. ती त्यानं उन्हात मांडली, वायर गाडीपर्यंत आणली, जोडली. काहीच नाही. मीटरवर आकडे येत, लाजत, परत जात. तासाभरानं उलगडा झाला. बॅटरीत किती वीज सोडायची ते ठरवणारा कंट्रोलर गाडीत एक होताच. या पेटीच्या पाठीवर तिचा स्वतःचा दुसरा. एकाचा हुकूम दुसरा ऐकेना. आजीला हे समजावताना मी म्हटलं, “एका टोळीवर दोन मुकादम.” तिला पुढचं ऐकायची गरजच उरली नाही. “मग कोयता कुणाचा ऐकणार?” म्हणाली.

पेटीचा मुकादम बाजूला काढला. उरलेल्यावर २० अँपिअरचा भार चालत होता. तिन्ही प्लेटा मिळून साडेसोळाच्या आसपास, म्हणजे बसलं हिशेबात. तिघींचा दाब सारखा, १८ व्होल्टचा, म्हणून टपावरच्यांच्या शेजारी हिला समांतर जोडता आली: दोन विहिरींचं पाणी एका हौदात. वायर मात्र जाड घ्यावी लागली. बारीक पाइपानं लांबचं पाणी आणलं तर वाटेतच दम तोडतं, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

एवढं करूनही प्लेटेच्या हाती उन्हाचा थोडाच वाटा लागतो. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट तयार झाला, तेव्हा शंभर वाटे उन्हातले सहाच विजेच्या पदरात पडले. आता वीस-बावीस पडतात. इतक्या थोड्या हिश्शाची बटई आमच्या तालुक्यात कोणी घेणार नाही. इथं परवडते, कारण हा मालक हिशेबाला येत नाही.

आता गाडी सावलीत, फ्रिज गार, आणि कमावणारी एकटी उन्हात. सोय बघून मी खूश झालो होतो. तेवढ्यात फडातून टोळी परतताना दिसली, डोक्यावर वाढ्यांचे भारे, आणि मी उगाच चहाचं बघायला आत गेलो.

भाचा तुळजापूरला गेला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मी अंगणात खुर्ची टाकून डोळे मिटले होते. डिसेंबरचं ऊन, यातून पळण्याचा नियम आमच्यातही नाही. धुऱ्यापलीकडून हाक आली.

“ओ सर! तुमचं ऊन सरकलं की!”

बघतो तर कडुनिंबाची सावली छातीपर्यंत आलेली. मी उठलो आणि खुर्ची मावळतीकडे फिरवली.