स्वप्नातली दुसरी वाटी

राजा हरिश्चंद्रानं स्वप्नात राज्य दान केलं आणि सकाळी विश्वामित्र ते मागायला दारात उभे राहिले, ही गोष्ट लहानपणी ऐकताना मला राजापेक्षा विश्वामित्रांचंच कौतुक जास्त वाटायचं. दुसऱ्याच्या झोपेतली देणी वसूल करणारा असा सावकार पुन्हा झाला नाही. आमच्या घोटावड्यात जमिनींना भाव आल्यापासून जागेपणी, चार साक्षीदारांदेखत दिलेला शब्दसुद्धा भावकीत कुणाला आठवेनासा होतो. तिथं स्वप्नाची काय कथा!

पण यंदा पावसाळ्यात आमच्या पडवीत जो प्रश्न निघाला तो दानाचा नव्हता, पापाचा होता. काढला शेजारी भाड्यानं राहणाऱ्या मुलानं. हा मूळचा अहिल्यानगरकडचा, पणजोबांपासून ख्रिस्ती घराणं, नोकरी हिंजवडीत. त्यानं हल्ली एक विद्या कमावली आहे. झोपेत असतानाच त्याला कळतं, की आपण स्वप्नात आहोत. मग स्वप्न तो हवं तसं वळवतो. त्यासाठी उठल्याबरोबर स्वप्नं वहीत टिपायची आणि दिवसातून अनेकदा स्वतःला विचारायचं, की मी आत्ता जागा आहे का? घोटावडे फाट्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की हा प्रश्न आपोआपच पडतो, असं तो म्हणाला.

‘‘काका, स्वप्न आहे हे पक्कं ठाऊक असताना स्वप्नात पाप केलं, तर ते धरतात का?’’

कोणतं पाप, हे मी विचारलं नाही. पंचविशीतल्या मुलाला असलं काही विचारून खोटं बोलायला लावणं, हे मात्र जागेपणीचं पाप. ‘‘तुमच्या पाळकसाहेबांना विचार ना,’’ मी म्हणालो. ‘‘नको, ते पुढच्या रविवारी त्याच विषयावर उपदेश करतील,’’ तो म्हणाला.

पडवीत तात्याही होते. तात्या माळकरी, लावणीचा चिखल पायावर तसाच. पंढरीहून परतून दोन आठवडे झालेले, आणि गावात आखाड सुरू. घराघरातून रश्श्याचा वास येतो तेव्हा माळकऱ्याची खरी वारी सुरू होते. तात्या म्हणाले, ‘‘मला पडलंय असलं सपान. पंगतीत बसलोय, कुणीतरी मटणाचा रस्सा वाढला. म्या खाल्ला. मग हात गळ्याकडं गेला, तर माळ! काळजात धस्स झालं. तेवढ्यात ध्यानात आलं, की अरे, हे तर सपान हाये. मग काय, दुसरी वाटी मागितली.’’

ख्रिस्ती धर्मपंडितांचा कित्येक शतकांचा खल या दोन वाट्यांत बसतो, असं माझं मत आहे.

पहिल्या वाटीचा निकाल जुनाच आहे. इसवी सन 400 च्या सुमारास हिप्पोचा बिशप संत ऑगस्टिन यानं ‘कन्फेशन्स’ लिहिलं. तारुण्यात मनसोक्त जगून पुढं ब्रह्मचर्य पत्करलेला हा माणूस. दहाव्या भागात तो देवापाशी गाऱ्हाणं घालतो, की जागेपणी मला हलवू न शकणारी जुनी चित्रं झोपेत येतात आणि मी त्यांना चक्क होकार देऊन बसतो. तेव्हा मी मी नसतो का? शेवटी तो एवढ्यावर येतो, की जाग आल्यावर मन निवतं, कारण ते आपण केलेलं नसतं, आपल्यात घडलेलं असतं. घडलं याची खंत मात्र राहते.

पुढं पोप ग्रेगरीकडं इंग्लंडातल्या मिशनऱ्यानं जवळपास हाच प्रश्न धाडला. रात्री स्वप्नात भलतं काही झालेल्यानं सकाळी प्रभुभोजन घ्यावं का? ग्रेगरीनं आधी कारण शोधायला सांगितलं. देहस्वभावानं झालं, रात्री जेवण जास्त झाल्यानं झालं, की दिवसभर तेच मनात घोळवल्यानं? पहिल्याला भिण्याचं कारण नाही, दुसऱ्याला थोडा दोष, तिसऱ्याला बराच. हे मी सांगितल्यावर तात्यांनी, त्या रात्री फक्त पिठलं-भाकरी होती, असा खुलासा लगेच केला. दिवसभर काय घोळवलं होतं, ते सांगितलं नाही. बौद्ध भिक्षूंच्या विनयातही या जातीच्या दोषाला स्वप्नाचा अपवाद ठेवलेला आहे. म्हणजे झोपलेल्या माणसाशी फार कडक वागू नये, यावर बऱ्याच थोरांचं एकमत दिसतं.

अडचण दुसऱ्या वाटीची. झोपेत बुद्धी बांधलेली असते, म्हणून दोष नाही, असा सगळा युक्तिवाद. आणि इथं तर बुद्धी उठून बसली आहे आणि वाटी पुढं करते आहे.

अशी अर्धी जागी झोप जुन्यांना अगदीच अनोळखी नव्हती. ऑगस्टिननं 415 च्या आसपास आपल्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात गेनेडियस नावाच्या वैद्याची हकिकत आहे. त्याच्या स्वप्नात एक तरुण येऊन विचारतो, आत्ता तुझं शरीर कुठं आहे? वैद्य झोपेतच उत्तर देतो, की बिछान्यात. ऑगस्टिनला त्यातून मरणानंतरचं जीवन पटवायचं होतं. पापाचा मुद्दा तिथं निघालाच नाही. तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस त्याहून बारकाईनं पाहतो. झोप संपत आली असताना, विशेषतः मिताहारी आणि तल्लख कल्पनेच्या माणसाला, हे स्वप्न आहे असं झोपेतच उमगू शकतं, असं तो म्हणतो. आणि मग मला फार आवडलेली पुस्ती जोडतो, की झोपेत केलेल्या तर्कात जाग आल्यावर कुठं ना कुठं चूक सापडतेच.

विज्ञानानं बराच वेळ घेतला. फ्रेडरिक व्हान एडन या डच मनोवैद्यानं 1913 मध्ये अशा स्वप्नांना इंग्रजी नाव दिलं. (फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच वर्षीचा, योगायोग म्हणून सोडून देऊ.) पुरावा मिळाला 1975 मध्ये, इंग्लंडातल्या हल विद्यापीठात. कीथ हर्न या संशोधकानं ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाशी आधीच ठरवलं होतं, की स्वप्नात आहोत असं कळलं की डोळे ठरावीक रीतीनं डावी-उजवीकडं फिरवायचे. वर्स्ली झोपला, आणि गाढ स्वप्नात असताना त्यानं खूण केली. यंत्रावर ती उमटली.

मला या प्रयोगात धर्मशास्त्राच्या दृष्टीनं मोठी भानगड दिसते. झोपलेला माणूस जागेपणी दिलेला शब्द पाळू शकतो, हे यातून सिद्ध झालं. आणि जो शब्द पाळू शकतो, तो मोडूही शकतो.

मी एवढं म्हणताच शेजारच्या मुलाचा चेहरा पडला. ‘‘पण त्यात कुणाचं नुकसान होत नाही,’’ तो म्हणाला. ही पळवाट त्याच्याच धर्मानं बुजवलेली आहे. पर्वतावरच्या प्रवचनात येशूनं वाईट नजरेनं पाहण्यालाच मनातला व्यभिचार ठरवलं. तिथं समोरच्याचं काय नुकसान झालं, हा हिशेबच नाही. एरवी कॅथलिकांच्या शिकवणीत त्याला थोडा दिलासा आहे. घातक पापाला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर, जाण पूर्ण आणि संमती जाणूनबुजून दिलेली. स्वप्नातली जाण पूर्ण असते का? त्याच मुलानं एकदा सांगितलं होतं, की स्वप्न आहे हे कळूनही तो उशीर होईल म्हणून हिंजवडीची बस पकडायला धावत होता. अशा जाणिवेवर कुणाला नरकात धाडणं मला जडच जाईल.

मात्र झोपायला जातानाच अमुक एक करायचं असं ठरवून कुणी दिवा मालवत असेल, तर तो भाग जागेपणीच्या खात्यात जातो, असं मला वाटतं. सकाळी उठून ते पुन्हा पुन्हा चघळणंही त्याच खात्यात. उरला मधला तुकडा, तो अर्ध्या किमतीत लावावा. ‘‘वहीत लिहिणं म्हणजे चघळणं का?’’ मुलानं विचारलं. ते कसं लिहितोस यावर आहे, म्हणालो. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

मग तो उलट बाजूनं आला. इंजिनिअरच तो. स्वप्नातलं पाप अर्धं, तर पुण्यही अर्धंच का? बायबलातल्या शलमोन राजानं गिबोनात स्वप्नातच देवाकडं धन न मागता शहाणपण मागितलं, देव प्रसन्न झाला आणि ते त्याला जागेपणी मिळालं. अक्वायनसनं यावरही तोड काढली आहे, की शहाणपणाची ओढ शलमोनाला आधीपासून होती, स्वप्नात फक्त पसंती कळवली गेली. म्हणजे इथंही जमाखर्च झोपेआधीचाच.

शलमोनाचं नाव तात्यांना नवं असलं, तरी मुद्दा नवा नव्हता. देहू इथून काही फार लांब नाही, आणि तुकोबांना गुरुमंत्र मिळाला तो स्वप्नात. बाबाजी चैतन्यांनी मस्तकावर हात ठेवला, रामकृष्णहरी दिला. तो मंत्र झोपेतला म्हणून अर्धा, असं वारकऱ्यांत कुणी म्हणून पाहावं! त्याच स्वप्नात गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं, आणि ते द्यायचा विसर पडला, हेही तुकोबांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे.

मुलाला हे ठाऊक नव्हतं. त्याचे डोळे चमकले. ‘‘म्हणजे तात्या, तुकाराम महाराजांकडं स्वप्नातलं पावशेर तूप बाकी आहे. ते दोषात धरायचं नसेल, तर तुमची वाटीपण नाही.’’

तात्या जागचे उठले, पडवीच्या कडेला ठेवलेलं इरलं डोक्यावर घेतलं.

‘‘तुकोबा इसरले,’’ ते म्हणाले. ‘‘म्या मागून घेतली.’’